आर्वीच्या बसस्टँडमागची रक्त तपासणीची लॅब

औषधाच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की वर दोन खोल्यांची ही लॅब आहे. तालुक्याच्या गावात रक्त काढून कागद हातात देणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. कागदावर काय लिहिलंय ते बसवून समजावणारी मला ही एकच भेटली, म्हणून एवढं लिहिते आहे.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या ह्यांना ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांमागे ठणका, जेवणावर वासना नाही. डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि डेंग्यूची तपासणी लिहून दिली. उपाशीपोटी आणू का, असं मी फोनवर विचारलं. लॅबच्या ताई म्हणाल्या, "सीबीसीले उपाशी नाही लागत काकू, भाकर खाऊ घालूनच आणा." तापानं गळालेल्या माणसाला रिकाम्या पोटी बसमधून नेणं किती जड जातं, हे ज्याने नेलं त्यालाच कळतं.

रक्त घेताना मी बारीक पाहत होते. जांभळ्या टोपणाच्या नळीवर आमच्यासमोरच नाव-वय लिहिलं, आणि रक्त भरल्यावर ती नळी हळूहळू उलटी-सुलटी केली. आतल्या औषधात रक्त नीट मिसळलं नाही तर गाठी धरतात आणि मशीन चुकीचा आकडा दाखवते, असं त्यांनी सांगितलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, एक लाख दहा हजार आल्या, कमीच होत्या. तेव्हा त्यांनी काचेवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली परत पाहिलं, मगच रिपोर्ट दिला. त्यासाठी जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

पांढऱ्या पेशी ३,२०० होत्या. मोठ्या माणसाच्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. माझे हातपाय गळाले. आमच्याकडे कोणाच्या 'पेशी कमी झाल्या' म्हटलं की सगळं गाव घाबरतं, पण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ह्या कागदावरच्या दोन वेगळ्या ओळी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ताईंनी पेनानं खूण करून दाखवलं. पांढऱ्या पेशींत पुन्हा पाच जाती. न्यूट्रोफिल जिवाणूंशी लढतात, लिम्फोसाइट मुख्यतः विषाणूंशी. इओसिनोफिल जंतांत किंवा अ‍ॅलर्जीत वाढतात. मोनोसाइट आणि बेसोफिल थोड्याच असतात. प्रत्येक जातीच्या नुसत्या टक्क्यांवर जायचं नाही, एकूण आकड्याशी गुणायचं. ह्यांच्या न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे ३,२०० पैकी १,२१६. हा आकडा १,५०० च्या खाली गेला की कमी धरतात आणि ५०० च्या खाली फार धोक्याचा. डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापात पांढऱ्या पेशी अशा उतरतात आणि ताप सरला की बहुधा आपोआप चढतात. "पण औषधाचं डॉक्टरच सांगतील, मी नाही," हेही त्यांनी ठासून सांगितलं. मला हे फार पटलं.

डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी-पेज सांगितली, दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या बंद. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर तडक दवाखाना गाठायचा.

आता आहाराचं. लॅबमध्ये छापील तक्ता देतात, तो मला आवडला नाही. किवी, ब्रोकोली, बदाम! आमच्या आठवडी बाजारात हे कोण आणतं? मी तसं म्हटल्यावर ताईंनी कागद पालटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हातानं लिहून दिलं: तुरीचं वरण, चणे, अंडं, दही, मेथी-पालक, शेंगदाणे, तीळ, आवळा, संत्रं. पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. त्यांना प्रथिनं लागतात, फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात, जस्त लागतं. फोलेट डाळी आणि पालेभाज्यांत मिळतं, बी-१२ मात्र दूध, अंडी, मांस-मासळीतच. म्हणून माळकरी घरात दूध-दही तुटू देऊ नये. संत्र्याचा आंबिया बहार त्याच वेळी उतरत होता; आमच्याच पट्ट्यातली ताजी फळं सोडून सी जीवनसत्त्वाची महागडी बाटली कशाला घ्यायची? ती फळं न शिजवता तशीच खावीत, उकळलं की सी जीवनसत्त्व बरंचसं जातं.

दुसरीकडे एका दुकानदारानं सातशे रुपयांचा 'प्रतिकारशक्ती'चा डबा गळ्यात मारायला पाहिलं होतं. ताईंनी सरळ सांगितलं, की कोणतंही एक फळ किंवा पावडर दोन दिवसांत पेशी वाढवत नाही. शरीरात कमतरता असेल तर ती भरून काढायची, एवढंच अन्नाचं काम. आणि पांढऱ्या पेशी जास्त म्हणजे माणूस बळकट, असंही नाही. १५,००० आल्या तर बहुतेक वेळा कुठेतरी संसर्ग असतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही आकडा वाढतो. सातशे रुपयांत घरात किती अंडी आणि तूरडाळ येते, ह्याचा हिशोब बायांनी करावा.

पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ५,८०० वर आल्या आणि प्लेटलेटही सावरल्या.

उणं सांगायचं तर रिपोर्ट संपूर्ण इंग्रजीत येतो, निदान ओळींची नावं मराठीत हवीत. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नाही. खाली निरोप दिला तर ताई उतरून रक्त घेतात, पण तशी पाटी लावायला हवी. वीज गेली की रिपोर्टला संध्याकाळ होते आणि खेड्यावरच्या माणसाची शेवटची बस चुकते. म्हणून सकाळी लवकरच जा. रविवारी बंद असते. घरात जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या, त्या दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवतात.