ऑफिसचा वेलनेस प्रोग्राम: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

दिवाळीनंतर कंपनीने सगळ्यांना एका वेलनेस प्रोग्रामचं सदस्यत्व दिलं. अ‍ॅप, मनगटावर बांधायचा पट्टा आणि पंधरवड्याला आहारतज्ज्ञ कोचचा व्हिडिओ कॉल. यात पैसे वसूल म्हणावं असं एकच, तो कॉल.

पावलांचं घ्या. रोज १०,००० चं टार्गेट आणि वर अख्ख्या ऑफिसची क्रमवारी. हा आकडा कुठल्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. आमच्याकडे पहिले तिघे कायम तेच, मॅरेथॉनवाले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते संक्रांतीपर्यंत गळाले. ज्याची त्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी केली असती, तर बरेच जण टिकले असते.

जेवण नोंदवणं हा निव्वळ वैताग. थालीपीठ शोधलं की पराठा पुढे येतो. चतुर्थीला मी काहीच नोंदवलं नाही, तर अ‍ॅपने शाबासकी दिली. साबुदाण्याची खिचडी कुणी खाल्ली मग?

कॉल मात्र वेगळेच. कोचने एकदा विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांनाही बसवा." सासूबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या. "काकू, उसळ एक वाटी चालेल," कोच म्हणाली. "कुठली वाटी?" म्हणत सासूबाईंनी आतून तीन वाट्या आणून कॅमेऱ्यापुढे मांडल्या. पाणी ओतून मापलं तर लहान-मोठीत दुपटीचा फरक! त्याच दिवशी तेलाचंही ठरलं: आठवड्याचं तेल बाटलीत काढायचं, ती संपेपर्यंत डबा उघडायचा नाही. फोडणीवरून वाद बंद. माझ्यापुरतं ठरलं, मुलाला क्लासला सोडलं की घरी परतायचं नाही, तो सुटेपर्यंत तिथेच चालायचं. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच बांधून ठेवलं की सवय लागायला मदत होते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात मांडलंय. माझं चालणं तरी त्यामुळेच टिकलं.

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तिथेही प्रत्येकाला कोच होता, सुरुवातीलाच समोरासमोर १६ बैठका होत्या. नुसत्या पट्ट्यावर हे झालेलं नाही.

आता नूतनीकरणाचा मेल आलाय. त्यातल्या स्वस्त प्लॅनमध्ये कॉल काढून टाकलेत, अ‍ॅप आणि पट्टा तेवढा ठेवलाय. तो घेऊ नका.