अवजारांचं घर : एबीएस की कायडेक्स?

पटाशीच्या धारेला म्यान हवं असतं, पक्कड कमरेला अडकवायची असते, नाहीतर मल्टीमीटर पिशवीत आपटू नये एवढीच इच्छा असते. प्लास्टिकची शीट तापवायची, वस्तूवर दाबायची, थंड झाली की कडा कापायच्या, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. घोडं अडतं ते शीट कुठली घ्यायची यावर.

ॲक्रिलिक दिसायला देखणं, पण भोक पाडताना तडकतं आणि मग त्या देखणेपणाचाच राग येतो. पॉलिकार्बोनेट हातोड्याला दाद देत नाही. मात्र तापवण्याआधी त्याला १२० अंशांच्या आसपास तासन्‌तास सुकवत बसावं लागतं. या दोघांना मी लवकरच रामराम केला. उरले एबीएस आणि कायडेक्स. दोन्हींवर माझे बरेच तुकडे वाया गेले आहेत, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क मिळाला आहे असं समजतो.

कायडेक्स म्हणजे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण. १९६५ साली ते आलं ते विमानाच्या आतल्या भागांसाठी. त्यामुळे ओरखडे, धक्के, पुसायची रसायनं हे सगळं सोसायची त्याला जन्मापासून सवय. एबीएस तुम्ही लहानपणी हाताळलेलं असण्याची शक्यता आहे. लेगोचे ठोकळे १९६३ पासून त्याचेच बनतात. अंधारात असा ठोकळा ज्याच्या तळव्याखाली आला आहे त्याला एबीएसच्या कणखरपणाबद्दल वेगळं सांगायला नको. तेव्हा मजबुतीच्या मुद्द्यावर भांडण नाही. पक्कडीचं घर दोन्हींचं केलं आणि दोन्ही कित्येकदा खाली पडली. दोन्ही शाबूत आहेत.

तापवायचं तापमानही जवळपास सारखंच, दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या घरात. फरक हाताला कळतो. कायडेक्स तयार झालं की जाड चामड्यासारखं लुळं पडतं, उचललं की कोपरे खाली झुकतात, आणि त्या अवस्थेत ते फोमच्या दोन थरांमध्ये वस्तूसकट दाबलं की बारीकसारीक खाचाही उमटतात. माझ्या पक्कडीच्या खिळीचं डोकं घराच्या बाहेरून बोटाला लागतं. तिथेच ती अडकते, आणि आत सरकवताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, उलटं धरलं तरी अवजार पडणार नाही. एबीएसचंही असं घर होतं, पण माझ्या हातून त्याचा ‘टक्’ नेहमी जरा बोथटच आला. माझ्या दाबण्यातली खोट असू शकेल.

(धारेच्या वस्तूवर दाबण्याआधी पात्याला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. नाहीतर म्यान इतकं घट्ट बसतं की उपसताना धार आतून प्लास्टिक खरवडत येते. आणि तळाशी एक छोटं भोक ठेवा. आत शिरलेल्या पाण्याला वाट नसेल तर पात्यावर गंज चढतो. ही दोन्ही शहाणपणं मला उशिरा सुचली.)

आता एबीएसची बाजू, कारण ती खरोखर आहे. पहिली गोष्ट चिकटवण्याची. ॲसिटोन लावलं की एबीएसचे दोन तुकडे एकमेकांत विरघळून एकजीव होतात. उरलेली कात्रणं ॲसिटोनमध्ये भिजवून लगदा केला की फटी बुजवायला स्वतःचीच लापी तयार. सरळ भिंतींचा, कप्प्याकप्प्यांचा डबा करायचा असेल तर ही सोय फार मोठी आहे. कायडेक्सच्या बाबतीत माझी मदार कायम रिव्हेट आणि आयलेटवर (भोकात ठोकायच्या धातूच्या पोकळ कड्या) राहिली. त्यासाठी वस्तूभोवती दोन बोटं रुंदीची सपाट किनार सोडावी लागते, आणि घर विनाकारण पसरट होतं.

दुसरी गोष्ट वजनाची. एबीएसची घनता १.०५ च्या जवळपास, कायडेक्सची १.३५. कमरेवरच्या एका घराला हा फरक जाणवत नाही, पण मोठ्या डब्याला जाणवतो. तिसरी उन्हाची. कायडेक्स ७५-८० अंशांना ढिलं पडू लागतं, एबीएस त्याहून बरंच वर तग धरतं. काच बंद केलेल्या गाडीत पुढच्या काचेखाली माझं एक कायडेक्सचं म्यान दिवसभर राहिलं, तेव्हापासून त्याचा ‘टक्’ गेला तो गेलाच. अवजारं गाडीतच ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि खोली. खोल डबा फोमने दाबून होत नाही, त्याला हवा ओढून घेणारी पेटी लागते: वर भोकं पाडलेली फळी, खाली व्हॅक्यूम क्लीनरची नळी. या कामात एबीएस छान ताणलं जातं. मात्र इथे कुठलंही प्लास्टिक घेतलं तरी हिशेब चुकत नाही. तळ दहा बाय दहा सेंटिमीटर आणि खोली पाच असेल, तर शंभर चौरस सेंटिमीटरच्या शीटला तीनशेचं क्षेत्र झाकावं लागतं. म्हणजे दोन मिलिमीटरची जाडी सरासरीने एक तृतीयांशावर येते. खोलीही दहा केली तर एक पंचमांश, जेमतेम ०.४ मिलिमीटर. ही झाली सरासरी. कोपऱ्यात त्याहून पातळ. माझ्या पहिल्या खोल डब्याचे कोपरे बोटाने दाबले तर आत-बाहेर होत होते. तेव्हा साच्याच्या भिंतींना थोडा उतार द्या, कोपरे गोल ठेवा आणि जाड शीटने सुरुवात करा.

इथवर वाचून पारडं एबीएसकडे झुकतंय असं वाटेल. कागदावर माझंही झुकलं होतं. म्हणून तर आधी एबीएसच आणलं.

पहिलं म्यान करायला बसलो तेव्हा शीट ओव्हनमध्ये ठेवली आणि काचेतून बघत राहिलो. मऊ व्हायला लागली, कडा झुकल्या, आणि बाहेर काढणार एवढ्यात पृष्ठभागावर बारीक बारीक पुटकुळ्या उठल्या. आधी दोन-चार, मग कांजिण्या आल्यासारख्या सगळीकडे. वाटलं, आच जास्त झाली. दुसरा तुकडा कमी आचेवर ठेवला. पुटकुळ्या कमी आल्या, पण शीट पुरेशी मऊच झाली नाही आणि दाबताना पाठीवर पांढरी रेघ उमटली. तिसरा तुकडा मधल्या आचेवर. पुन्हा कांजिण्या. त्या रात्री मी ओव्हनच्या थर्मोस्टॅटला मनातल्या मनात बरंच काही बोललो. बिचाऱ्याचा दोष नव्हता.

दोष ओलाव्याचा. एबीएस हवेतला दमटपणा शोषून घेतं. बाहेरून शीट खडखडीत कोरडी दिसते, पुसून बघितली तरी काही लागत नाही. पण आत मुरलेलं पाणी शंभराच्या वर तापलं की त्याची वाफ होते, आणि प्लास्टिक तोवर मऊ झालेलं असल्यामुळे ती वाफ जागच्या जागी फुगा करते. उपाय ठरलेला आहे: आधी ८० अंशांच्या आसपास दोन ते चार तास सुकवायचं, शीट जाड असेल तर अधिक. एबीएस साधारण १०५ अंशांपर्यंत मऊ पडत नाही, म्हणून सुकवताना आकार बिघडत नाही. सुकवलं की गरम असतानाच कामाला घ्यायचं. उद्यावर टाकलं तर ते पुन्हा हवेतून पाणी ओढायला मोकळं. मी हे सगळं केलं. पुटकुळ्या गेल्या, म्यान छान झालं.

पण चार तास! मला हा उद्योग करायला मिळतो तो जेवणानंतरचा तास-दीड तास, तोही घरात कुणाला माझ्याकडून दुसरं काही नको असेल तर. हुक्की आली की बसायचं आणि झोपायच्या आधी हातात काहीतरी तयार असावं, ही साधी अपेक्षा. एबीएसला मात्र दुपारीच वर्दी द्यावी लागते की आज रात्री आपलं काम आहे. दुपारी ओव्हन लावून ठेवला आणि रात्री पाहुणे आले असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी सुकवलेली शीट वापरली, दाबताना पक्कड जरा तिरकी सरकली, तुकडा फुकट गेला, आणि सुकवलेला दुसरा तुकडा जवळ नव्हता. त्या दिवशी मनातला निकाल लागला.

कायडेक्सचं मी आजवर एकदाही काही सुकवलेलं नाही. कपाटातून काढायचं, कापायचं, तापवायचं. तिरकं बसलं तर परत ओव्हनमध्ये ठेवायचं; ते आपोआप सपाट होतं आणि नव्याने दाबता येतं. एबीएसलाही मूळच्या सपाटपणाची ही आठवण असते, पण पुन्हा तापवलं की नव्याने पुटकुळ्या यायची धास्ती माझ्या मनातून जात नाही. एकाच कायडेक्सच्या तुकड्यावर मी चारदा प्रयत्न केले आहेत. चौथ्यांदा त्याची खरबरीत पोत थोडी चकाकू लागली, बाकी कामाला कमी नाही. शिकाऊ माणसाला अशी दुसरी-तिसरी संधी मिळणं घनतेच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं, निदान मला तरी.

कायडेक्सची एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. त्यात पीव्हीसी आहे. प्रमाणाबाहेर तापलं, करपलं, की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते; घशाला झोंबते आणि आजूबाजूचं लोखंडही गंजवते. पृष्ठभाग चकाकायला लागला तो पहिला इशारा, तपकिरी व्हायच्या आत बाहेर काढा. खिडकी उघडी हवी, ओव्हन स्वयंपाकाचा नको. लेझर कटरमध्ये तर ते घालूच नका. एबीएसचाही वास काही सुगंधी नसतो, आणि खाण्याचे पदार्थ ठेवायला यातलं काहीच करू नये.

जाडीबद्दल विचाराल तर छोट्या म्यानाला दीड मिलिमीटर आणि जड अवजाराला दोन पुरतात. अडीचच्या जवळ गेलात की बारीक खाचा उमटत नाहीत.

तुम्हाला खोल डबे करायचे असतील, कप्पे चिकटवायचे असतील, सलग सुट्टीचा दिवस हाताशी असेल, तर एबीएस घ्या. त्या कामाला कायडेक्स मलाही अपुरं वाटतं. मल्टीमीटरचा डबा मी एबीएसचाच केला आहे आणि तो छान चालला आहे. पटाश्या, कात्र्या, पकडी यांच्यासाठी मात्र माझा हात आपोआप दुसऱ्या शीटकडे जातो. एबीएसची अर्धी शीट अजून भिंतीला टेकून उभी आहे. पुढच्या रविवारी सकाळीच ओव्हनमध्ये घालीन म्हणतो. गेल्या रविवारीही म्हणालो होतो.