ग्रिड-इंडियाचा रोजचा अहवाल: बडोद्यातून वाचताना

अर्थव्यवस्थेची नाडी पाहायला ग्रिड-इंडिया या देशाचे वीजजाळे चालवणाऱ्या सरकारी कंपनीचा, विजेच्या मागणी-पुरवठ्याचा हा फुकट मिळणारा अहवाल उत्तमच. मात्र नुसती कमाल मागणी बघून फसू नका. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॉटवर गेली ती उकाड्यामुळे. कारखाने काही एका रात्रीत वाढले नव्हते. दिवसभरात पुरवलेल्या विजेचा, म्हणजे दशलक्ष युनिटांचा रकाना घ्या, महिन्याची बेरीज दिवसांनी भागा (फेब्रुवारी 2024 चे दिवस 29!) आणि गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. दिवाळी मागेपुढे सरकते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्रच धरा.

उणीव एकच, पण मोठी: गच्चीवरच्या सोलरची घरातच वापरलेली वीज यात दिसत नाही. गुजरातेत अशा गच्च्या भरपूर, त्यामुळे भर दुपारचा आकडा खऱ्या वापरापेक्षा कमी येतो. म्हणून बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनी ग्रिडच्या पश्चिम विभागाचा (गुजरात त्यातच येतो) संध्याकाळचा आकडा पाहावा.