वावरातल्या भोंग्यासाठी टीडीए२००३: सोयाबीनपासून तुरीपर्यंत वापरून

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात रात्री रानडुकरं अन् रोही येतात. जागलीला रोज माणूस मिळत नाही, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर एमपी३ मॉड्यूल आणि भोंगा जोडून धुऱ्यावर ठेवला. सोयाबीन फुलावर होतं तेव्हापासून तूर निघेपर्यंत तो चालला. अ‍ॅम्प्लिफायर टीडीए२००३. या कामाला मी हीच चिप सांगेन, फक्त भोंगा ४ ओहमचा घ्या.

ही चिप मुळात कार रेडिओची. ८ ते १८ व्होल्ट चालतात, त्यामुळे बॅटरी थेट जोडता येते. तिच्या नावावर सांगितला जाणारा १० वॅटचा आकडा १४.४ व्होल्ट आणि २ ओहमच्या स्पीकरचा आहे. तेवढ्याच व्होल्टला ४ ओहमवर ६ वॅट, १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याहून कमी. ८ ओहम लावला तर जवळपास निम्मेच. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणून पैसे चिपऐवजी चांगल्या भोंग्यावर घालावेत.

दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायर चिपाही आहेत. एलएम३८६ टेबलावरच्या रेडिओला छान, वावरात पुरत नाही. पीएएम८४०३ तापत नाही, बॅटरी कमी खातो, पण ५.५ व्होल्टच्या वर चालत नाही, आणि त्याच्या स्पीकरची कुठलीच तार ग्राउंडला जोडायची नसते. तो मी आईच्या रेडिओत बसवला, तिथे उत्तम आहे.

टीडीए२००३ मात्र तापतो. बाबांनी हात लावून विचारलं, "लेका, हे एवढं तपते काऊन?" क्लास एबी म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणारा प्रकार आहे, तापणारच. चिपची धातूची पाठ आतून ग्राउंडलाच असते, म्हणून मधे वीज अडवणारं अभ्रक न लावता सरळ जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसली. आउटपुटवरचा १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिनांना अगदी खेटून लावा. ते वगळले तर चिप स्वतःच आंदोलनं करू लागते आणि आवाज नसतानाही भाजते. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, १०० पट असतो, तेव्हा मॉड्यूलनंतर १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल हवाच.

गप्प असतानाही चिप ४४ मिलिअँपच्या आसपास घेते. बारा तासांत अर्धा अँपिअर-तास गेला. ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीला तो जड नाही, तरी मी टायमरने सप्लायच तोडतो.

रोही अजून बिचकतात. डुकरं एकाच आवाजाला लवकर सरावतात, म्हणून मेमरी कार्डात कुत्रे, फटाके, माणसांची हाळी असं आलटून पालटून भरतो आणि भोंग्याची जागाही बदलतो.