पोलो जीटीला बिलस्टाइन बी-६ : नऊ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

मागच्या दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, गाडीचे चारही शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) काढून बिलस्टाइन या जर्मन कंपनीचे बी-६ टाकले. आता ऑगस्ट आलाय, एक अख्खा उन्हाळा आणि निम्म्याहून जास्त पावसाळा झालाय, म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, कारण नवीन शॉकअपवर पहिले चार दिवस कुठलीही गाडी छानच वाटते.

गाडी २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पोलोला कोणी स्पोर्ट्स कार म्हणेल, कोणी म्हणणार नाही, मला त्या वादात पडायचं नाही. मी नाशिकचा, इथे महाराष्ट्र रॅलीच्या गाड्या धुरळा उडवत जाताना लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघितल्यात, आणि तेव्हापासून मला ताकदीपेक्षा गाडी वळते कशी याचंच वेड आहे. सरळ रस्त्यावर काय, कोणीही पळवतो.

६८ हजार किलोमीटर झाल्यावर जुने शॉकअप थकलेत हे कळायला लागलं. तेल गळत नव्हतं, बंपर दाबून सोडला तरी गाडी दोन-तीनदा हलत नव्हती, म्हणजे गॅरेजवाल्यांची जी नेहमीची परीक्षा असते त्यात पास. पण कसारा घाट उतरताना खरं काय ते समजायचं. वळणात शिरलं की गाडी आधी कलायची, कललेली असतानाच एक छोटा झोका घ्यायची आणि मग कुठे वळायला लागायची. तो मधला जो अर्धा सेकंद आहे ना, त्यात आपण स्टिअरिंग अजून फिरवतो, मग ते जास्त होतं, मग परत सोडतो, असं प्रत्येक वळणात दोन-दोन दुरुस्त्या. घाट संपेपर्यंत खांदे दुखायचे.

त्याआधीची एक चूक सांगतो, कारण नाशिकमध्ये निम्मे लोक तीच करतात. २०२३ मध्ये मी नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली आणणाऱ्या, आखूड) टाकल्या होत्या, शॉकअप जुनेच. गाडी दिसायला भारी झाली, कॉलेज रोडला लोक वळून बघायचे. पण चालवायला पहिल्यापेक्षा वाईट. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, त्यात खालचा लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा दांडा, मूळ उंचीला चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी दाबली की तो आडवा होतो, अजून दाबली की उलटा चढता होतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षाही जास्त खाली सरकतो, म्हणजे गाडी खाली येऊनही तिला कलवणारी तरफ उलट लांब होते. शिवाय आर्म चढता झाला की वळणात बाहेरच्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) हवा त्याच्या उलट दिशेने जातो आणि टायर बाहेरच्या कडेवर घासायला लागतो. माझे पुढचे दोन टायर सहा महिन्यांत तसेच गेले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. घाटात वळणाच्या मध्ये खड्डा आला की गाडी थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरावर बसायची, त्या क्षणी ते चाक दगडासारखं कडक व्हायचं आणि पुढची गाडी वळायचं सोडून सरळ निघायची. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना एकदा हे झालं, शेजारी बायको आणि मागे आई. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी मूळच्या स्प्रिंगा परत टाकल्या.

त्यानंतर वर्षभर नुसतं वाचलं आणि विचारलं. बिलस्टाइनचं जे आहे त्यात बी-१४ म्हणजे कॉइलओव्हर, स्प्रिंग आणि शॉकअपचा असा जोड की उंची कमीजास्त करता येते. बी-१२ म्हणजे आखूड शॉकअप आणि आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा असा जोड. आणि बी-६ म्हणजे मूळच्या स्प्रिंगांवर बसणारा कडक शॉकअप, उंची तीच. मित्र सगळे बी-१४ म्हणत होते. पण आपली पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच ठेवलेली होती, युरोपच्या हिशोबाने बनलेलं कॉइलओव्हर इथे टाकलं की सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवूनही गाडी चांगलीच खाली येते. आणि एकदा हात पोळले होते. म्हणून बी-६, त्यावर मूळच्याच स्प्रिंगा. स्प्रिंग आणि उंची न बदलल्यामुळे इन्शुरन्स आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची (गाडीत बदल करण्याबद्दलचं) डोकेदुखीही त्यातल्या त्यात कमी, तरी मी एजंटला आधी विचारूनच काम केलं, तुम्हीही विचारा.

साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात, आत तेल, बाहेरच्या नळीत तेल आणि वर हवा किंवा कमी दाबाचा गॅस. खराब रस्त्यावर पिस्टन सारखा वरखाली झाला की तेल तापतं, त्यात फेस होतो, आणि फेसाला काही जोर नसतो. बी-६ मध्ये एकच नळी, तेल आणि गॅस यांच्या मध्ये एक सुटा पिस्टन, आणि गॅस चांगल्या दाबाखाली, त्यामुळे फेस धरत नाही. शिवाय एकच नळी असल्यामुळे तेल थेट बाहेरच्या हवेवर थंड होतं. हे तंत्र काही नवीन नाही, बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी ते कारखान्यातून गाड्यांवर आणलं होतं. त्या दाबाचा एक परिणाम असा की गाडी थोडी वर उचलली जाते, माझी पुढून सहा-सात मिलिमीटर वर गेली. दिसायला ती आता अगदी साधी गाडी दिसते, उलट किंचित उंचच. ज्याला दिसण्यासाठी करायचंय त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

खर्च. चार शॉकअप, पुढचे दोन्ही माउंटिंग (स्ट्रट वर जिथे गाडीला बसतो तो भाग) बेअरिंगसकट, बंप स्टॉप, धुळीची रबरं, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), मजुरी, अलाइनमेंट, सगळं मिळून मला ९४ हजार लागले. त्यात शॉकअपचेच ७० च्या पुढे. बाहेरून येतात, ड्युटी लागते, थांबावंही लागतं, माझे पाच आठवडे गेले.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण माझा पहिला महिना यातच गेला. अंबडकडच्या एका गॅरेजमध्ये काम दिलं. मागचे शॉकअप सोपे, पोलोला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, दोन बोल्ट की झालं. पुढे मात्र स्प्रिंग दाबून सगळा स्ट्रट सोडवावा लागतो. तिथला पोरगा म्हणाला, "शेठ, माउंटिंग चांगलंय तुमचं, कशाला नवीन टाकता?" मी नवीन घेऊन गेलो होतो तरी मला चहाला पाठवलं आणि जुनंच बसवलं, नवीन पुडकं डिकीत परत ठेवलेलं. ते मला घरी आल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवसापासून डावीकडून टकटक. गंगापूर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला टक. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टण्ण आवाज. परत गेलो तर म्हणे कडक शॉकअपला आवाज येतोच. येत नाही. अजिबात येत नाही.

मग सातपूरचे एक मिस्त्री भेटले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी सगळं परत उघडलं. जुन्या माउंटिंगचं बेअरिंग खडबडीत झालेलं, वरचा नट एअर गनने मारलेला पण पिस्टनचा रॉडही सोबत फिरलेला, म्हणजे नट घट्ट वाटतोय पण बसलेलाच नाही. आणि अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला माहीत नव्हती. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच पक्के केले होते. बुशचं रबर बोल्टजवळ धरून ठेवलेलं असतं, लटकलेल्या स्थितीत पक्कं केलं की गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "चाकावर वजन आलं की मगच आवळायचं, भाऊ," एवढंच म्हणाले. त्यांनी सगळे बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, पुढेमागे हलवली आणि खाली झोपून टॉर्क रेंचने एकेक आवळला. तेव्हापासून आजपर्यंत एक आवाज नाही.

अलाइनमेंट मी दोनदा केली, लगेच एकदा आणि हजार किलोमीटरनंतर परत. पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बराच बदलला होता. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असल्यामुळे तिथे काही करता येत नाही, फक्त आकडे बघायचे.

आता चालते कशी. शहरात, तीसच्या आतल्या वेगात, गाडी पूर्वीपेक्षा कडक आहे, हे स्पष्ट सांगतो. छोटी खडी, पेव्हर ब्लॉक, सिमेंटच्या रस्त्याचे जोड, हे सगळं आता हाताला आणि पाठीला कळतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या खराब पट्ट्यात पहिले दोन महिने मला वाटायचं, हे आपण काय करून बसलो. तीन हजार किलोमीटरनंतर थोडं मऊ पडलं, किंवा मला सवय झाली, दोन्ही असेल. टायर १९५/५५ आर१६ आहेत, हवेचा दाब ३५ पीएसआय ठेवायचो तो ३२ केला, त्याने बराच फरक पडला. मोठ्या खड्ड्यात मात्र उलट आहे. पूर्वी धप्पकन आदळून नंतर गाडी डुलत राहायची, आता एकच ठोका आणि विषय संपला. चाक खाली जातं, वर येतं, बस.

चाळीसच्या पुढे ही गाडी वेगळीच होते. त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाटातून जव्हारकडे जाणारा रस्ता माझा आवडता, तिथे फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे गेलो. वळणाला स्टिअरिंग फिरवलं की गाडी एका दमात कलते, तिथेच थांबते आणि वळते. तो मधला झोका गेला. कलणं पूर्ण गेलेलं नाही, स्प्रिंगा मूळच्याच असल्यामुळे तेवढंच कलते पण हळू, मोजून, आणि त्यामुळे आपल्याला पुढचं कळतं. ब्रेक मारला की नाक पूर्वी खाली आपटायचं, आता सावकाश जातं, त्यामुळे ब्रेक मारत वळणात शिरताना मागची चाकं हलकी पडत नाहीत. इंजिन तेच, टायर तेच, पण मला घाटात कमी ब्रेक लागतात. वेग वाढवलाय म्हणून नाही, गाडीवर विश्वास बसलाय म्हणून.

मार्चमध्ये मागे जाड अँटी रोल बार लावला, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा, बीमला बोल्टने बसणारा. पुढून ओढणारी गाडी वळणात बाहेर जाते, ती मागून कडक केली की नाक आत येतं. सापुताऱ्याच्या पुढे वघईकडे उतरताना याची खरी मजा कळली, तिथली वळणं एकापाठोपाठ एक आहेत. पण पावसाळ्यात तो बार मी काढला. जुलैमध्ये ओल्या रस्त्यावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू हलली, थोडीच, ईएसपीने (घसरण रोखणाऱ्या यंत्रणेने) सावरली, पण मला घरच्यांना घेऊन हे नको. दसऱ्यानंतर परत लावीन. नुसत्या बी-६ वर पावसात काही भीती नाही, उलट तुटलेल्या ओल्या रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहतं म्हणून पकड वाढलीय असंच वाटतं.

समृद्धी महामार्गावर इगतपुरी ते आमणे पट्टा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यावरून दोनदा गेलो. १२० च्या मर्यादेत गाडी इतकी शांत की बायको त्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्याआधीच झोपली होती. पूर्वी पुलाच्या जोडावरून गेलं की गाडी दोनदा तरंगायची आणि मी नकळत स्टिअरिंग घट्ट धरायचो.

आईचं मत सगळ्यात महत्त्वाचं, तिच्या कमरेत गॅप आहे. शहरात ती म्हणते पहिली गाडी बरी होती. पण चैत्रोत्सवात गडावर घेऊन गेलो तर परत येताना म्हणाली, "या वेळी मळमळलं नाही रे." घाटात तिला कायम उलटीची गोळी लागायची. त्या दिवशी गोळी घेतलीच नव्हती, ते आम्हाला दोघांनाही घरी आल्यावर लक्षात आलं.

राहिलेलं काम म्हणजे मागच्या बीमचे दोन मोठे बुश, ते आता जुने झालेत, बार परत लावताना तेही बदलणार. शॉकअप परवा सातपूरला तपासून बघितले, रॉडवर चिखल होता, तेलाचा थेंब नाही.

त्या जुन्या लोअरिंग स्प्रिंगा अजून माळ्यावर आहेत. मागच्या आठवड्यात सिडकोतला एक पोरगा विचारत आला, पोलोच आहे त्याची, पैसे लगेच द्यायला तयार होता. शॉकअप कुठले म्हटलं, तर म्हणाला कंपनीचेच आहेत, ८० हजार झालेत. मी नाही दिल्या. त्याला रविवारी माझ्या गाडीत बसवून त्र्यंबकपर्यंत नेऊन आणणार आहे.