कार्ब्स एकदम बंद की हळूहळू कमी?

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, आला की हा प्रश्न पडतोच. एकदम तोडले तर शुगर पटकन खाली येते हे खरंय, पण बऱ्याच जणांना ते फार दिवस झेपत नाही, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका प्लीज. दुसऱ्या पर्यायात गोड ड्रिंक्स बंद, अर्धं ताट भाज्या, आधी भाजी-प्रोटीन आणि मग कार्ब्स. फरक सावकाश दिसतो पण मला हेच पटतं, कारण अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात कमी कॅलरी, थोडं वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढ्यावर डायबिटीसचा धोका ५८ टक्के कमी झाला होता. काहीही निवडा, तीन महिन्यांनी टेस्ट परत करा.