खरे प्रयोग, खोटा निष्कर्ष : सिंकखालच्या फिल्टरच्या विक्रीत झालेली फसवणूक

सिंकखाली बसवायचा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर विकताना विक्री प्रतिनिधीने आम्हाला जे प्रयोग करून दाखवले, त्यांतला एकही बनावट नव्हता. मीटर खरा होता, पाण्याला चढलेला रंग खरा होता आणि ग्लासच्या तळाशी बसलेला गाळही खराच होता. खोटा होता तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष आणि त्या निष्कर्षाच्या बळावर गळ्यात मारलेले यंत्र. ‘मोफत पाणी तपासणी’च्या नावाखाली हीच पद्धत अनेक घरांत वापरली जाते, म्हणून प्रत्येक प्रयोगात नेमके काय घडते आणि त्यातून काय सिद्ध होत नाही, हे तपशिलाने लिहीत आहे.

आमच्या घरातील नळजोडण्या जुन्या आहेत आणि घरात लहान मूल आहे. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगले निघाले, तरी वाटेतील शिशाचे नळ, जोडणीतील शिसेयुक्त डाख आणि पितळी तोट्या यांतून शिसे पाण्यात उतरू शकते, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. त्यामुळे आमची गरज एकच होती : पाण्यातील शिसे कमी व्हावे. प्रतिनिधीला ती सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगितली होती आणि त्याने ‘शिसे, फ्लोराइड, जीवाणू, सगळे शंभर टक्के जाते’ असे ठाम उत्तर दिले होते. पुढच्या सर्व गोष्टी या प्रश्नोत्तराच्या संदर्भात वाचाव्यात.

पहिला प्रयोग टीडीएस मीटरचा होता. नळाच्या पाण्यात मीटर बुडवल्यावर आकडा तीन अंकी आला आणि प्रतिनिधीने स्वतःच्या बाटलीतून आणलेल्या पाण्यात तो जवळपास शून्यावर गेला. ‘हा आकडा म्हणजे तुमच्या पाण्यातली घाण’ असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणांकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज दाखवतो. त्या आकड्यातला बहुतांश भाग सामान्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड आणि सल्फेट यांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या निकषावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. लिटरमागे सुमारे ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चवीला चांगले मानले जाते आणि १००० च्या वर ते हळूहळू बेचव होत जाते, एवढेच तिचे म्हणणे आहे. आता शिशाचा हिशेब पाहा. त्याच संघटनेची शिशासाठीची तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरगुती मीटरवर दिसणारा लहानात लहान फरक १ मिलिग्रॅमचा असतो. याचा अर्थ असा की पाण्यात मर्यादेच्या शंभरपट शिसे असले, तरी या मीटरवरचा आकडा फार तर एकाने हलेल. जीवाणू, कीटकनाशके आणि सेंद्रिय द्रावके यांचा तर या मीटरला पत्ताही लागत नाही.

दुसरा प्रयोग पाहणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवतो आणि तो त्याच हेतूने केला जातो. दोन ग्लासांत, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात प्रतिनिधीच्या बाटलीतले पाणी घेऊन, त्यांत विजेवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूच्या सळ्या बुडवल्या जातात. थोड्याच वेळात नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी होते, त्यावर फेस येतो आणि गाळ बसू लागतो. दुसरा ग्लास तसाच नितळ राहतो. ‘हे तुमच्या मुलाच्या पोटात जाते’ हे वाक्य नेमके याच वेळी उच्चारले जाते. हा गाळ पाण्यातून आलेला नसतो, तो सळ्यांतून आलेला असतो. ही साधी विद्युत अपघटनाची क्रिया आहे : धनाग्राला जोडलेली लोखंडी सळी झिजते, तिचे आयन पाण्यात उतरतात आणि त्यांपासून प्रथम हिरवट आणि नंतर ऑक्सिजनच्या संयोगाने तांबूस तपकिरी लोह हायड्रॉक्साइड बनते. प्रवाह वाहण्यासाठी पाण्यात क्षार लागतात. ज्या पाण्यातून क्षार काढलेले आहेत, त्यातून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. हे पडताळणे अवघड नाही. प्रतिनिधीच्या त्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगून त्यालाच प्रयोग पुन्हा करायला लावावा. तोच गाळ तिथेही तयार होतो. अशी मागणी करताच बहुतेकदा उपकरण बॅगेत परत जाते. हा प्रयोग मात्र स्वतः घरी करू नये. यांतील काही उपकरणे घरातल्या विजेवर चालतात आणि पाण्याजवळ त्यांचा धोका खरा आहे.

तिसऱ्या प्रयोगात पाण्यात थेंब टाकून ते पिवळे करून दाखवले गेले. हे थेंब क्लोरीन ओळखणारे असतात आणि पिवळा रंग म्हणजे जंतुनाशक क्लोरीन शिल्लक असल्याची खूण, जी नळाच्या पाण्यात असायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाणी ग्राहकापर्यंत पोहोचते तेव्हा त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, आणि तिची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. मग त्याने एका ग्लासात घरच्यांना बोटे बुडवायला लावली, थेंब टाकल्यावर ते पाणी पिवळे झाले नाही, आणि ‘क्लोरीन त्वचेतून शरीरात शिरले’ असे जाहीर केले. त्वचेवरील घाम, तेल आणि मृत पेशी यांच्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन ते संपते, म्हणून रंग येत नाही. शरीरात शिरण्याचा इथे काही संबंध नाही. आईवडिलांच्या मनातील भीती अशा रीतीने वापरणे मला या सगळ्या प्रकारातील सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते.

एवढे झाल्यावर यंत्राचे महत्त्व आपोआपच वाढते. माहितीपत्रकात ‘सात टप्पे’, ‘९९.९९%’ आणि एका प्रमाणन संस्थेचे बोधचिन्ह ठळक छापले होते. यंत्रात आरओ आहे असे तोंडी सांगितले गेले. बसवून झाल्यावर पहिली विसंगती अशी दिसली की सांडपाण्याच्या नळीला जाणारी जोडणीच त्यात नव्हती. आरओमध्ये पाणी दाबाने पापुद्र्यातून ढकलले जाते आणि अडलेले क्षार काही पाण्यासह बाहेर सोडावेच लागतात. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या नळीशिवाय सिंकखालचा आरओ चालूच शकत नाही. कार्ट्रिज उघडल्यावर उलगडा झाला : एक गाळ अडवणारी पांढरी कँडल, दोन ठिकाणी विभागलेला दाणेदार कार्बन, आणि उरलेल्या टप्प्यांत चिनी मातीच्या गोळ्या व चुंबक. त्या प्रात्यक्षिकातला नितळ ग्लास या यंत्राच्या पाण्याचा नव्हताच.

नव्या नळाच्या पाण्याचा टीडीएस जुन्याइतकाच आला, तेव्हा कंपनीचे उत्तर तयार होते : ‘आमचे यंत्र उपयुक्त खनिजे ठेवते आणि फक्त घातक धातू काढते.’ ज्या मीटरच्या आकड्यावर भीती घातली, तोच आकडा आता निरर्थक ठरवला गेला. तरीही इथे न्यायाने बोलायला हवे. टीडीएस न बदलणे हा एकट्याने फसवणुकीचा पुरावा होत नाही, कारण चांगला, घट्ट दाबलेल्या कार्बनचा आणि शिसे शोषणारे माध्यम मिसळलेला ब्लॉक टीडीएसला हात न लावता शिसे खरोखरच कमी करू शकतो. म्हणजे कंपनीचे विधान सर्वसाधारणपणे शक्य कोटीतले होते, आणि म्हणूनच ते घरगुती मीटरने खोडताही येत नव्हते. त्याची शहानिशा दोनच मार्गांनी होऊ शकत होती : प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळा.

प्रमाणपत्रावरचा क्रमांक खरा निघाला, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत चलाख बाब आहे. प्रमाणन संस्थेच्या सार्वजनिक यादीत तो शोधला असता ती नोंद पूर्ण यंत्राची नव्हती, तर फक्त कार्ट्रिजच्या प्लास्टिकच्या आवरणाची होती. त्या प्लास्टिकमधून पाण्यात काही अपायकारक उतरत नाही, एवढेच तिच्यात प्रमाणित होते. शिसे कमी होते असे त्यात कुठेही नव्हते. फिल्टर घेणाऱ्या प्रत्येकाने यासाठी काही मानकांचे क्रमांक लक्षात ठेवावेत. एनएसएफ/आन्सी या अमेरिकी मानकांपैकी ४२ हे क्लोरीन, चव आणि वास यांसाठी आहे. ५३ हे आरोग्याशी संबंधित घटकांसाठी, ५८ आरओसाठी आणि ५५ अतिनील किरणांच्या यंत्रांसाठी आहे. ४२ चे प्रमाणपत्र असलेला फिल्टर पाणी चवदार करेल, पण शिशाबद्दल ते प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. ५३ वर प्रमाणित असणेही पुरेसे नाही, कारण त्यात प्रत्येक घटकाचा दावा स्वतंत्र असतो. एखादा फिल्टर केवळ परजीवींच्या कोशांसाठी ५३ वर प्रमाणित असू शकतो आणि शिशासाठी नसू शकतो. शिशाच्या दाव्यासाठी लिटरमागे १५० मायक्रोग्रॅम शिसे असलेले पाणी ६.५ आणि ८.५ अशा दोन पीएचवर फिल्टरमधून सोडले जाते आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात ते ५ मायक्रोग्रॅमच्या आत राहावे लागते. २०१९ पूर्वी ही मर्यादा १० होती. ‘मानकांनुसार तपासलेले’ आणि ‘मानकांनुसार प्रमाणित’ या दोन शब्दप्रयोगांतील अंतर फार मोठे आहे. पहिला दावा कंपनी स्वतःच करू शकते, तर दुसरा दावा प्रमाणन संस्थेच्या यादीत मॉडेल क्रमांकासह सापडायला हवा.

‘९९.९९%’ या आकड्याबद्दलही विचारणा केली. कोणता घटक, सुरुवातीला किती प्रमाणात आणि किती लिटर पाणी गेल्यानंतर, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. कार्बनवर चांदीचा मुलामा आहे असे सांगितले गेले, पण अशा चांदीचा उपयोग मुख्यतः फिल्टरच्या आत जीवाणूंची वाढ रोखण्यापुरता असतो. दूषित पाणी तिने निर्जंतुक होते असे समजणे धोक्याचे आहे.

त्यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी दिले. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी पहिल्यांदा आलेले पाणी एका बाटलीत आणि फिल्टरच्या नळाचे पहिले पाणी दुसऱ्या बाटलीत घेतले. बाटल्या प्रयोगशाळेच्याच होत्या, कारण धातूंच्या तपासणीसाठी ठरावीक पद्धतीने तयार केलेली बाटली लागते आणि ती विसळायची नसते. अहवालात दोन्ही नमुन्यांतील शिशाचे प्रमाण जवळपास सारखे आले. क्लोरीन मात्र फिल्टरनंतर उरले नव्हते. म्हणजे यंत्र जे करू शकत होते ते करत होते, आणि ज्यासाठी ते विकले गेले ते करत नव्हते. जंतुनाशक काढून घेऊन पाणी कार्बनमध्ये साचू देणे हा वर आणखी एक तोटा झाला.

अहवाल पाठवल्यावर कंपनीने लेखी कळवले की प्रतिनिधीच्या तोंडी विधानांची जबाबदारी तिच्यावर नाही आणि करारात केवळ ‘पाण्याची गुणवत्ता सुधारते’ असे म्हटले आहे. करार पुन्हा वाचला असता ते अक्षरशः खरे होते. शिसे हा शब्द त्यात कुठेही नव्हता. याउलट कार्ट्रिज केवळ त्याच कंपनीकडून घेण्याचे बंधन बारीक अक्षरात होते आणि जोडणीचा आकारही असा होता की दुसऱ्या कोणाचे कार्ट्रिज बसूच नये. कार्ट्रिज संपल्याचा इशारा देणारा दिवा पाण्याचे मोजमाप करत नाही, तो केवळ घड्याळावर चालतो. घर बंद असताना, पाण्याचा थेंबही न वापरता, तो लाल झाला. आम्ही ग्राहक तक्रार यंत्रणेकडे अहवाल, माहितीपत्रक आणि यादीतील नोंदीची प्रत जोडून तक्रार दिली आहे.

जे आता फिल्टर घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी आधी पाणी तपासून घ्यावे, आणि तपासणी फिल्टर विकणाऱ्याकडून करून घेऊ नये. पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा जास्त क्षार असतील तर साध्या कार्बनचा उपयोग नाही, तिथे आरओ लागतो. पाणी नीट क्लोरीनयुक्त असून फक्त शिशाची काळजी असेल, तर शिशासाठी प्रमाणित कार्बन ब्लॉक पुरतो आणि आरओत वाया जाणारे पाणीही वाचते. नंतर विक्रेत्याकडून मॉडेल क्रमांक, मानकाचा क्रमांक, कमी होणाऱ्या घटकाचे नाव आणि कार्ट्रिजची क्षमता लिटरमध्ये, हे सारे बिलावर किंवा करारात लिहून घ्यावे. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नये, मग प्रयोग कितीही प्रभावी असो.

ज्यांच्या घरी असे यंत्र आधीच बसले आहे आणि ज्यांना शिशाची शंका आहे, त्यांनी अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी केवळ थंड पाण्याचा नळ वापरावा, कारण गरम पाण्यात शिसे अधिक उतरते, आणि पाणी बराच वेळ नळात थांबले असेल तर ते काही मिनिटे वाहू देऊन मगच भरावे. पाणी उकळून शिसे जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यातील शिशाचे प्रमाण उलट किंचित वाढते. बाळाचे दूध पाण्यात कालवत असाल, तर अहवाल येईपर्यंत त्यासाठी शिशासाठी प्रमाणित फिल्टरचे किंवा बाटलीबंद पाणीच वापरावे.